'शाळा' : वाचलेली आणि पाहिलेली

श्री. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ साली मौज प्रकाशन गृहाने प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून आजतागायत ती महाराष्ट्रात सातत्याने वाचली जात आहे. अभ्यासक्रमाची सक्ती नसताना महाविद्यालयातील मुले आपण होऊन ग्रंथालयातून मागून नेतात अशी अलीकडच्या काळातील मराठी पुस्तके बोटांवर मोजण्याइतकीच निघतील; त्यांत 'शाळे'चे नाव अग्रभागी घालावे लागेल. अशा पुस्तकाचा बोलपट होणे हे क्रमप्राप्तच होते. हिंदीत तो प्रथम 'हमने जीना सीख लिया' या नावाने झाला. त्याची चर्चा येथे करण्याचे प्रयोजन नाही. मराठीत श्री. सुजय डहाके यांनी केलेला 'शाळा' २०१२ च्या जानेवारीत लोकांपुढे आला. डहाके यांचा हा पहिलाच बोलपट. एकोणसाठाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यास उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला आणि रूपांतरित पटकथेबद्दल श्री. अविनाश देशपांडे यांचाही गौरव झाला. प्रस्तुत लेखकाने तो त्याच वर्षी पाहिला. पुढे दूरचित्रवाणीवर पाहिला. आणि नुकताच, वर्गात या विषयावर बोलावयाचे होते म्हणून, पुन्हा एकदा लक्षपूर्वक पाहिला. तिन्ही वेळा मनाची निराशाच झाली.

कोणी म्हणेल, की कादंबरी वाचलेल्या माणसाचे समाधान बोलपटाने कधी होतच नसते. ही तक्रार जुनी आहे आणि बव्हंशी निरर्थकही आहे. तीनशे पृष्ठांच्या आसपासचा मजकूर पावणेदोन तासांत बसवावयाचा म्हणजे काटछाट आलीच. कोणता प्रसंग वगळला, कोणते पात्र आखडले, याचा ताळेबंद मांडीत बसणे हे टीकाकाराचे नव्हे, हिशेबनिसाचे काम होय. आमचे म्हणणे निराळे आहे. ज्या ठिकाणी उभे राहून कादंबरी शाळेकडे पाहते ते ठिकाणच बोलपटाने बदलले, आणि आपण ते बदलले आहे याची दखल करणारांनी घेतलेली दिसत नाही.

कादंबरी ज्यांच्या वाचनात आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावयाचे तर ते असे. काळ १९७५-७६ चा, म्हणजे आणीबाणीचा. मुकुंद जोशी हा नववीतला मुलगा आपली हकीकत आपणच सांगतो आहे. सुऱ्या, चित्रे, फावड्या हे त्याचे सोबती. अर्धवट बांधून राहिलेली एक इमारत हा त्यांचा अड्डा. त्याच्या शाळेतील शिरोडकर नावाच्या मुलीवर त्याचे मन बसले आहे. घरी आईवडील, बहीण, आणि ज्याच्याशी काहीही बोलता येते असा एक नरूमामा. वर्ष सरते, शिरोडकर गाव सोडून जाते. कथानक म्हणावे असे एवढेच.

परंतु बोकील यांची करामत कथानकात नाही, ती निवेदनात आहे. मराठी वाङ्मयात मुलाच्या शाळकरी वयाची चित्रे पूर्वीही पुष्कळ आली. तथापि बहुतेक ठिकाणी ते वय एखाद्या मोठ्या माणसाच्या हातून आपल्यापर्यंत पोचले. साने गुरुजींची 'श्यामची आई' घ्या. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात आश्रमातील मित्रांना रात्रीमागून रात्र गोष्टी सांगतो तो वयाने वाढलेला श्याम. लहानपणीच्या श्यामच्या प्रत्येक अपराधाकडे तो मोठा श्याम ओल्या डोळ्यांनी पाहतो आहे. ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'तही गोट्याच्या खोड्यांकडे कौतुकाने पाहणारी वडीलधारी नजर पानोपानी जाणवते. यात न्यून काही नाही. 'श्यामची आई'चे तर सारे सामर्थ्यच त्या पश्चात्तापात आहे. बोकील यांनी मात्र हा मधला मोठा माणूस उचलून बाजूस ठेवला. मुकुंद जोशी आज काय झाला, कोठे नोकरीस आहे, त्या दिवसांबद्दल आता त्यास काय वाटते, याचा मागमूस पुस्तकात नाही. नववीतल्या मुलास जेवढे कळते तेवढेच वाचकास कळते, आणि ते ज्या भाषेत कळते ती भाषाही त्या मुलाचीच, मधल्या सुटीतली, शिव्यांसकट, मास्तरांच्या नकलांसकट. पुढे काय होणार हे त्यास ठाऊक नाही. उद्या पुन्हा शाळेत जावयाचे आहे एवढेच ठाऊक आहे.

या संदर्भात एका गोष्टीकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. कादंबरीभर मुलेमुली एकमेकांस आडनावाने ओळखतात. नायिकेचे नाव काय, म्हणून विचारले तर वाचक चटकन 'शिरोडकर' असेच सांगतो. ज्या मुलीसाठी जीव कासावीस होतो तिचा उल्लेख मनातल्या मनातसुद्धा आडनावाने करावयाचा, ही गोष्ट शाळेबाहेर कोठे संभवत नाही. ती हजेरीपटाची देणगी होय. मास्तरांनी रोज सकाळी ज्या नावाने हाक मारली तेच नाव मुलाच्या काळजात जाऊन बसते. म्हणजे अत्यंत खाजगी अशा भावनेलाही शाळेने आपला शिक्का मारून ठेवलेला असतो. आणि आपल्याकडे आडनाव म्हणजे केवळ आडनाव नव्हे. त्यात घर कोणते, आळी कोणती, बाप काय करतो, हे सर्व येते. ज्याचे आडनाव कोणी घेतच नाही, जो सदैव 'फावड्या'च राहतो, त्याचे वर्गातील स्थान काय असेल हे निराळे सांगावे लागत नाही. बोकील हे समाजशास्त्राचे अभ्यासक आहेत. त्यांनी हे न सांगता सांगितले आहे.

बोलपटातही मुले आडनावानेच बोलतात. परंतु तेथे तो केवळ एक गोड लकबीचा भाग होऊन बसतो. प्रेक्षागृहात अशा वेळी जे हसू उमटते ते ओळखीचे हसू असते. 'अरे, आम्हीही असेच म्हणत असू' असे म्हणणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाचे ते हसू. आमचे मुख्य म्हणणे येथेच आहे. कादंबरीतून ज्या मोठ्या माणसास बोकील यांनी प्रयत्नपूर्वक बाहेर काढले तो बोलपटात मागल्या दाराने परत आला. निवेदनाचे शब्द कोठे ठेवले आणि कोठे गाळले हा प्रश्न गौण आहे. कॅमेराच त्या मोठ्या माणसाचा डोळा झाला आहे. दिएगो रोमेरो या परदेशी छायालेखकाने घेतलेली दृश्ये सुंदर आहेत, याबद्दल दुमत होऊ नये. उन्हाचे कवडसे, वाटेवरची झाडी, वर्गाच्या खिडकीतून येणारा मऊ उजेड, हे सर्व डोळ्यांस सुखविते. आणि तेच मनास खटकते. नववीतल्या मुलास शाळेच्या खिडकीतला उजेड सुंदर दिसत नसतो. त्यास खिडकी दिसते ती तास संपावयास किती अवकाश आहे याचा अंदाज घेण्यापुरती. तो उजेड सुंदर होतो तो तीस वर्षांनी. अलोकनंदा दासगुप्ता यांचे पार्श्वसंगीतही याच मार्गाने जाते; जे चालले आहे ते आता संपले आहे, पुन्हा यावयाचे नाही, असे ते आपल्याला आरंभापासून कानात सांगत राहते.

आणि शाळा तर संपता संपत नाही, हाच शाळेत असलेल्या मुलाचा खरा अनुभव! कंटाळा हा शाळेचा स्थायिभाव आहे असे म्हटले तर शिक्षक मंडळींनी रागावू नये. प्रस्तुत लेखकाने स्वतः तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून तो मुलांच्या चेहऱ्यांवर वाचला आहे. आठ तासांचे वेळापत्रक, तोच फळा, त्याच बाकावर तीच कोरलेली नावे, भूगोलाच्या तासाला खालच्या आवाजात चाललेला खेळ. कादंबरीला या कंटाळ्याची सोय आहे. ती पाने खर्च करू शकते. एक तास दुसऱ्या तासासारखाच गेला हे ती खरोखर एकामागून एक तास घालवून दाखवू शकते. 'शाळे'ची निम्मी गंमत त्यात आहे, की काही घडत नाही, आणि त्या न घडण्यात एकदा शिरोडकरने मान वळवून पाहिले तर त्याची नोंद दोन पाने पुरते. बोलपटाने तास कापले आणि मान वळविणे तेवढे ठेवले. परिणामी दृष्टिक्षेपांची एक मालिकाच आपल्यापुढे येते, आणि जे दुर्मिळ म्हणून मोलाचे होते ते सुकाळामुळे स्वस्त होते. पडद्यावर कंटाळा दाखविता येत नाही असे कोणी म्हणू नये. त्र्यूफोने १९५९ साली 'द फोर हंड्रेड ब्लोज' या आपल्या पहिल्याच बोलपटात पॅरिसच्या एका शाळेतील मुलाचे कोंडलेपण असे दाखविले आहे, की वर्गातील हवाही आपल्यास जड वाटू लागते.

हा दोष एकट्या मराठी बोलपटाचा आहे असे नाही. मुलांच्या शाळेवर कथा रचण्याची आणि त्या पुन:पुन्हा पडद्यावर आणण्याची हौस इंग्रजांइतकी कोणास नसेल, आणि जुन्या काळाचा वेष चढविल्याबरोबर या कथांचे काय होते हे त्यांच्याकडेच चांगले पाहावयास मिळते. टॉमस ह्यूज याने १८५७ साली 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' लिहिले. रग्बी येथील शाळेत, डॉक्टर आर्नल्ड मुख्याध्यापक असताना, तो स्वतः शिकला होता. पुस्तक आज वाचताना त्यातील उपदेशाचा भार जाणवतो. परंतु लिहिणाऱ्याचा आपल्या गुरूवर आणि गुरूच्या धर्मावर खरा विश्वास आहे, म्हणून ते उभे राहते. आर्नल्डच्या समाधीपाशी तरुण टॉमला उभे करून ह्यूज कथा संपवितो, ती उगाच नव्हे. त्यावर १९४० आणि १९५१ साली बोलपट झाले, १९७१ साली बी. बी. सी. ने मालिका केली, आणि २००५ साली आय. टी. व्ही. ने दूरचित्रवाणीसाठी नवे रूपांतर केले. स्टीफन फ्राय यांच्यासारखा विद्वान आणि लोकप्रिय नट आर्नल्डच्या भूमिकेत असूनही हे शेवटचे रूपांतर फिके वाटते. कोट बरोबर आहेत, दगडी कमानी बरोबर आहेत, दांडगाई करणारा फ्लॅशमन यथास्थित दुष्ट आहे. परंतु आर्नल्डचा धर्म हा करणारांस अवघड जागचे दुखणे वाटलेला दिसतो. त्यावर विश्वास ठेवणे त्यांस शक्य नाही आणि त्याचा उपहास करण्याचे धैर्यही नाही. मग उरतो तो पोशाख.

याच्या उलट जेम्स हिल्टनचे 'गुडबाय, मिस्टर चिप्स'. १९३४ सालचे हे छोटेसे पुस्तक आमच्या पिढीतील इंग्रजीच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी वाचले असेल. तेथे शेगडीपाशी बसलेला एक म्हातारा शिक्षक गतकाळ आठवतो आहे. आठवणींचा मऊ उजेड हा त्या कथेचा हक्कच आहे. म्हणून १९३९ साली रॉबर्ट डोनॅटने केलेला चिप्स कितीही हळवा असला तरी खोटा वाटत नाही. हळवेपणा वाईट असे आमचे म्हणणेच नाही. तो कोणाचा, हे पाहावयास हवे. चिप्सच्या आठवणींचा उजेड मुकुंद जोशीच्या वर्गात सोडला, तर त्या वर्गात बसलेला मुलगा दिसेनासा होतो. लिंडसे अँडरसन या दिग्दर्शकाने हे बरोबर ओळखले होते. १९६८ सालचा त्याचा 'इफ' पुष्कळसा चेल्टनहॅम येथे, तो स्वतः ज्या शाळेत शिकला तेथेच, चित्रित झालेला आहे. पण माजी विद्यार्थी जुन्या शाळेस भेट देतो तशी एकही नजर त्यात नाही. तेथली मुले त्या शाळेत आज कोंडली गेली आहेत. बोलपट पुढे ज्या टोकास जातो ते सर्वांस रुचेल असे नाही, पण तो मुलांच्या बाजूने, त्यांच्या उंचीवरून पाहतो, हे मान्य करावे लागते.

आता आणीबाणीविषयी. २५ जून १९७५ च्या रात्री ती जाहीर झाली आणि २१ मार्च १९७७ रोजी उठली. त्या वेळी प्रस्तुत लेखक पाटीवर अक्षरे गिरविण्याच्या वयाचा होता, त्यामुळे त्या दिवसांच्या आठवणी म्हणून सांगण्यासारखे त्याच्यापाशी काही नाही. जे आहे ते वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आणि नंतर वाचलेले. त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि पुढे त्यांस तुरुंगवास घडला, ही गोष्ट मराठी वाचकांस ठाऊक आहेच. त्या काळास विनोबांच्या तोंडचे 'अनुशासनपर्व' हे नाव मिळाले. अनुशासन हा शब्द मुळात कोठला? तो शाळेचाच. हाताची घडी, तोंडावर बोट, ही जी आज्ञा पहिलीच्या वर्गात मुलांस होत असे तीच त्या एकवीस महिन्यांत साऱ्या देशास झाली होती. बोकील यांनी शाळेची कथा नेमकी या वर्षात का ठेवली, याचे उत्तर आमच्या मते येथे आहे. कादंबरीत राजकारणाची व्याख्याने नाहीत. घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातून काही शब्द मुलाच्या कानावर पडतात, अर्धवट कळतात, आणि तो पुन्हा आपल्या उद्योगास लागतो. परंतु ज्या मुलास मास्तर मारतात, ज्याची तक्रार घरी जाते, ज्याला आपले खरे मन एका पडक्या इमारतीत चारदोन मित्रांपुढेच मोकळे करता येते, त्याला आणीबाणी निराळी समजावून सांगावी लागत नाही. तो तीत राहतोच आहे. मोठ्या माणसांवर जी पाळी त्या वर्षी आली ती मुलांवर नेहमीचीच असते, हा या पुस्तकाचा मूक उपरोध आहे.

बोलपटात आणीबाणी येते. नाही असे नव्हे. पण ती येते ती त्या काळचे कपडे, त्या काळचे रेडिओ आणि त्या काळच्या सायकली येतात तशी, सामानाबरोबर. शाळेतील शिस्त आणि बाहेरील शिस्त यांची गाठ कोठे बसत नाही. तीच गोष्ट दहावीची. आज दहावी म्हटले, की आईबापांच्या पोटात गोळा येतो. त्या वेळी मात्र ही नवी धास्ती होती. तोपर्यंत अकरावीस मॅट्रिकची परीक्षा असे. नव्या आकृतिबंधाप्रमाणे दहावीची पहिली परीक्षा १९७५ सालीच झाली होती. म्हणजे १९७५-७६ साली नववीत असलेली मुले, ज्यांचा अनुभव सांगावयास वडील भावंडेही फारशी नव्हती, अशा परीक्षेच्या तोंडाशी उभी होती. कादंबरीत ही सावली सबंध वर्षावर आहे. तिच्यावाचून नववीचे ते बागडणे नुसते बागडणे होऊन जाते.

नटांविषयी दोन शब्द. मुलांची निवड उत्तम साधली आहे. अंशुमन जोशी याचा मुकुंद, केतन पवार याचा सुऱ्या आणि केतकी माटेगावकर हिची शिरोडकर, तिघांनीही नाटकीपणा कटाक्षाने टाळला आहे. विशेषतः शिरोडकरचे न बोलणे केतकीने असे सांभाळले आहे, की कादंबरीतील त्या मुलीस एक चेहरा कायमचा मिळून गेला. हे यश लहान नव्हे. मोठ्या माणसांच्या बाबतीत मात्र निर्मात्यांचा धीर सुटलेला दिसतो. दिलीप प्रभावळकर, जितेंद्र जोशी, नंदू माधव, संतोष जुवेकर, अमृता खानविलकर ही सारी नामांकित मंडळी. त्यांच्या कसबाबद्दल शंका नाही. पण प्रभावळकर पडद्यावर आले की प्रेक्षकाच्या मनात चिमणराव जागा होतो, आणि ज्या शाळेत असा मनुष्य आहे त्या शाळेची भीती वाटेल कशी? मुले अनोळखी, म्हणून खरी. मास्तर ओळखीचे, म्हणून लाडके. शाळेतला धाक येथेच निम्मा संपला.

गेल्या सत्रात वर्गात या बोलपटाविषयी बोलणे निघाले होते. आमच्याकडे येणारी मुले यवत, खुटबाव, केडगाव, वरवंड या बाजूची. काही कालव्यावरच्या बागायती घरांतली, काही गुऱ्हाळावर मजुरी करणाऱ्यांची. बहुतेकांनी बोलपट मोबाइलवर पाहिला होता, पुस्तक थोड्यांनी वाचले होते. एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, पिक्चर बघताना मला माझी शाळा आठवली नाही. माझ्या पप्पांना मात्र त्यांची आठवली, ते रडले. पुस्तक वाचताना मला माझीच शाळा आठवत होती." तिचा जन्म कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतरचा. आणीबाणी तिने पाठ्यपुस्तकात दोन ओळींत वाचलेली. तरीही पुस्तकातील १९७५ सालची शाळा तिला आपली वाटली आणि बोलपटातील शाळा बापाची वाटली. आम्ही वर्गात तासभर जे सांगण्याची तयारी करून गेलो होतो त्यापेक्षा हे अधिक नेमके होते, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या एका विद्यार्थ्याने लगेच हरकत घेतली, की बापाला रडविले यात वाईट काय? त्याचेही खरे. त्या वादात तास संपला.

'शाळे'नंतर मराठी पडद्यावर जे घडले त्याचा थोडा विचार येथे अप्रस्तुत होणार नाही. किशोरवयीन प्रेम हा विषय खपतो हे धंद्याच्या लक्षात आले. २०१४ च्या जानेवारीत 'टाइमपास' आला. तीच केतकी माटेगावकर, आणि या खेपेस हजेरीपट, मास्तर, परीक्षा हे सगळे लोढणे टाकून दिलेले. लोकांनी तो डोक्यावर घेतला. डहाके यांच्या बोलपटाचा दर्जा यापेक्षा कितीतरी वरचा आहे, आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरी शाळेतून शाळा वजा करण्यास आरंभ कोठे झाला, हा प्रश्न मनात येतोच.

योगायोग असा, की 'टाइमपास'नंतर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी २०१४ मध्ये, श्री. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' लागला. मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे; आमच्या यवतवरून जाणाऱ्या लोहमार्गावरच, दौंडाच्या पुढे, ते स्टेशन लागते. त्यांचा जब्याही शाळेत जाणारा मुलगा, त्याचेही वर्गातल्या एका मुलीवर, शालूवर, मन जडलेले. विषय तोच. परंतु येथे आडनाव हा लकबीचा भाग राहात नाही. कैकाडी घरातल्या या मुलास गावातील डुकरे पकडण्यास बापाबरोबर जावे लागते आणि वर्गातील मुले भोवती जमून ते पाहतात. डुक्कर हातातोंडाशी आले असता शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि ते सारे कुटुंब आहे त्या जागी ताठ उभे राहते. पुढे मारलेले डुक्कर बांबूला टांगून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई आदींची चित्रे दिसतात. त्या भिंती शाळेच्या आहेत. शाळा मुलास काय देते आणि काय देऊ शकत नाही, हे एका चौकटीत एवढे स्पष्ट मराठी पडद्यावर दुसरे कोणी दाखविल्याचे आमच्या स्मरणात नाही. 'फँड्री'चा काळ जुना नाही. कदाचित म्हणूनच मंजुळे यांस आठवणींच्या उजेडाचा मोह झाला नसेल. परंतु आमची समजूत अशी आहे, की त्यांनी हीच कथा १९७५ साली ठेवली असती तरी तिचे ऊन असेच रखरखीत राहिले असते.

डहाके यांनी पुढे 'श्यामची आई' केली. २०२३ साली आलेला तो बोलपट त्यांनी कृष्णधवल रंगांत घेतला आणि त्यासही उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचे परीक्षण स्वतंत्रपणे करावे लागेल. मात्र आठवून सांगणारा प्रौढ श्याम मूळ पुस्तकातच आहे, त्यामुळे तेथे जुन्या काळाचे अंतर राखणे अगदीच गैर ठरत नाही.

दोन्ही 'शाळां'चे शेवट शेजारी ठेवून पाहावेत. बोलपट संपतो तेव्हा आपण बाहेर येतो ते शिरोडकर गेल्याची हुरहूर घेऊन. कादंबरीतही शिरोडकर जाते, आणि ती गेल्याचे दु:ख तेथे कमी नाही. परंतु कादंबरीत शाळा उरते. सुटी संपावयाची आहे, दहावीचे वर्ष दारात उभे आहे, तोच फाटक, तेच बाक, आणि हजेरीत एक आडनाव कमी.